फुटल्या तारवाचा धनी
पश्चिम किनाऱ्यावरील नौकापघात व सागरी प्रदूषण यांच्या निवारणाचा इतिहास

१

मराठवाड्याला समुद्र नाही. असे असूनही समुद्रात संकटात सापडलेल्या नौकेचे एक अतिशय जुने चित्र याच भागात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात आहे. शूर्पारकच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा तेथे रंगविली आहे असे अभ्यासक मानतात. पूर्णाचा भाऊ चंदनाच्या शोधार्थ समुद्रपर्यटनास गेला असता यक्षाच्या कोपाने वादळ उठते. नौकेवरील व्यापारी भिक्षू झालेल्या पूर्णाचा धावा करतात, तो आकाशमार्गाने येतो आणि वादळ शमते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या चित्रकाराला समुद्र किती परिचित होता हे सांगणे कठीण आहे. मात्र नौका संकटात सापडली की तिच्या साह्यास कोणी तरी धावून आले पाहिजे, ही अपेक्षा त्याला आणि त्याच्या प्रेक्षकांना पूर्ण परिचित होती, यात संशय नाही.

नौकापघाताच्या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंतलेले आढळतात. साह्यास कोण जातो, हा पहिला. फुटलेल्या तारवाचा धनी कोण, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दोन हजार वर्षे एकच राहिले आहे. दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मात्र गेल्या साठ वर्षांत पूर्णपणे उलटला. पूर्वी धनी होण्यासाठी भांडण होत असे, आता धनी न होण्यासाठी होते. हा पालट कसा घडला आणि त्यात किनाऱ्यावरील माणसाच्या वाट्याला काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत जुने स्पष्ट उत्तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकवृत्तात सापडते. बॅरिगाझा, म्हणजे भरूच, येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर ही नगरे असल्याचे त्यात नमूद आहे. मराठवाड्याच्या अभ्यासकांस हा उल्लेख सुपरिचित आहे. त्याच वृत्तातील भरूचच्या खाडीचे वर्णन तितकेसे लक्षात घेतले गेलेले नाही. खाडीचे मुख अरुंद, तळाशी वाळूचे दांडे, आणि भरती एवढी वेगवान की नांगर टाकलेली नौकाही उलटावी. म्हणून तेथील राजाने स्थानिक कोळ्यांस आपल्या चाकरीत घेतले होते. ते मोठ्या, भरपूर वल्हेकरी असलेल्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. परक्या नौकांना वाट दाखवीत, त्यांना दोरांनी ओढून भरतीबरोबर पुढे नेत आणि ओहोटीत ठरलेल्या डोहांत उभे करीत. अपघात होण्यापूर्वीच त्याचे निवारण करण्याची ही राजकीय व्यवस्था होय.

या होड्यांची 'त्रप्पग' आणि 'कोतुंब' अशी दोन नावे ग्रीक लेखकाने दिली आहेत. दोन्ही नावे ग्रीक नव्हेत. 'अंगविज्जा' या प्राकृत ग्रंथात नौकांच्या प्रकारांची एक यादी आहे. हा ग्रंथ मुनी पुण्यविजय यांनी संपादित करून १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यादीत 'तप्पक' आणि 'कोट्टिंब' हे शब्द येतात, आणि डॉ. मोतीचंद्र यांनी त्यांचा पेरिप्लसमधील शब्दांशी मेळ दाखविला आहे. परकीय नाविकाने ऐकून टिपलेला शब्द देशी ग्रंथात जसाच्या तसा सापडावा, ही भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोलाची साक्ष आहे. तिच्यावरून असे दिसते की, साह्यास जाणाऱ्या होडीचे नाव परदेशी खलाशाच्या तोंडी बसण्याइतका तिचा वावर नित्याचा होता.

कौटिलीय अर्थशास्त्रातील नावाध्यक्षाच्या प्रकरणात राज्याच्या कर्तव्याची याच जातीची कल्पना आढळते. वाऱ्याने भरकटून आलेल्या नौकेवर नावाध्यक्षाने पित्याप्रमाणे अनुग्रह करावा, आणि पाण्याने भिजलेल्या मालावर शुल्क घेऊ नये अथवा निम्मेच घ्यावे, असा तेथील विधीचा आशय आहे. संकटग्रस्ताकडून लाभ उकळू नये, हे तत्त्व शास्त्रकारास मान्य होते. किनाऱ्यावरील व्यवहार मात्र पुष्कळदा निराळा होता.

३

हा व्यवहार कोणता, याची साक्ष एका शिलालेखात मिळते. त्या लेखाचा कर्ता काकतीय राजा गणपतिदेव याचा देवगिरीशी निकटचा संबंध होता. यादवांशी झालेल्या युद्धात गणपतिदेवाचा पिता महादेव मारला गेला, आणि तो स्वतः यादवांच्या बंदिवासात पडला. पुढे जैतुगी यादवाने त्यास मुक्त करून त्याचे राज्य परत दिले. याच गणपतिदेवाने शके ११६६ मध्ये, म्हणजे इ. स. १२४४-४५ च्या सुमारास, आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली या बंदरात समुद्रव्यापाऱ्यांसाठी अभयशासन कोरविले. त्याचा आशय असा : एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या नौका वादळात सापडून फुटल्या आणि किनाऱ्यास लागल्या की पूर्वीचे राजे त्यांवरील सोने, हत्ती, घोडे, रत्ने असे सर्व धन बळाने हरण करीत. आपण मात्र, धनासाठी प्राण पणास लावणाऱ्या या लोकांवर दया करून, ठरावीक शुल्काखेरीज सर्व त्यांचे त्यांस सोडून देत आहो.

शासनातील दयेची भाषा खरी मानली तरी तिच्यामागचा हिशेबही स्पष्ट आहे. फुटलेले तारू लुटणाऱ्या बंदराकडे धडकी तारवे फिरकत नाहीत. ही गोष्ट शंभर वर्षांनी इब्न बतूता याने अधिक उघड शब्दांत नोंदविली. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाताना तो दौलताबादेवरून खंबायतेस व तेथून मलबारात उतरला. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात त्याच्या ताफ्यातील जहाजे फुटली व सुलतानाची नजराण्याची संपत्ती समुद्रार्पण झाली. मलबारच्या इतर सर्व राज्यांत फुटल्या जहाजावरील माल राजाच्या कोठारात जातो, एकट्या कालिकतमध्ये तो मूळ धन्यास मिळतो, आणि म्हणूनच ते नगर भरभराटीस आले, असे तो सांगतो.

ही चाल केवळ हिंदुस्थानापुरती नव्हती. इंग्लंडातही फुटके जहाज राजाचे मानण्याची रूढी होती. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने तिला मर्यादा घातली. जहाजावरून मनुष्य, कुत्रा अथवा मांजर यांपैकी एकही जिवंत निसटले, तर ते जहाज 'फुटले' असे समजू नये, आणि धन्यास मालकी सिद्ध करण्यासाठी एक वर्ष व एक दिवस एवढी मुदत द्यावी, असे त्यात ठरले. गणपतिदेवाचे शासन आणि हा कायदा यांत तीसएक वर्षांचेच अंतर आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोहोंमागचा प्रश्न एकच आहे.

४

कोकण किनाऱ्यावर ही रूढी सतराव्या शतकापर्यंत जिवंत होती. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. त्याने मांडलेल्या तहाच्या कलमांत, किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची फुटकी जहाजे व त्यांवरील माल परत मिळावा, असे एक कलम होते. वाटाघाटीत महाराजांकडून त्यास प्रथम नकार आला. इंग्रजी वृत्तांतात नोंदलेली त्याची कारणे दोन आहेत. वादळाने किनाऱ्यास लागलेली जहाजे परत करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, हे पहिले. ही सवलत इंग्रजांस दिली तर फ्रेंच, वलंदेज व इतर व्यापारीही तीच मागतील, आणि कित्येक पिढ्यांची चाल मोडल्याखेरीज ती देता येणार नाही, हे दुसरे.

या उत्तराचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आजच्या दृष्टीने ते कठोर वाटेल. परंतु त्या काळी किनाऱ्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज यांच्या स्पर्धेत रोजच्या रोज उपस्थित होत असे. फुटलेल्या तारवावर हक्क सांगणे म्हणजे ते ज्या वाळूवर पडले त्या वाळूवर आपली सत्ता सांगणे होय. नव्याने सिंहासनस्थ झालेल्या राजाने तो हक्क परक्यांच्या शब्दाखातर सहज सोडून दिला असता, तरच आश्चर्य मानावे लागले असते.

मराठी भाषेतही या काळाच्या खुणा आहेत. 'तारू' आणि 'तरांडे' हे दोन्ही शब्द 'तरणे' या क्रियेशी संबद्ध आहेत, म्हणजे जे तरते आणि तारते ते तारू. 'किनाऱ्यास लागणे' हा प्रयोग दुहेरी आहे. होडी सुखरूप पोहोचली तरी ती किनाऱ्यास लागते, आणि वादळाने खडकावर आपटली तरी ती लागतेच. 'नाखवा' हा कोळी समाजातील आदराचा शब्द फारसी 'नाखुदा'पासून, म्हणजे नौकेचा स्वामी या अर्थाच्या शब्दापासून, आला आहे. 'धनी' या शब्दात मालकी आणि जबाबदारी या दोन्ही छटा एकवटल्या आहेत. मालाचा धनी तोच त्याच्या बऱ्यावाईटाचा धनी, हे जुन्या मराठी व्यवहारात गृहीत होते. पुढील विवेचनास ही गोष्ट उपयोगी पडेल.

५

इंग्रजी अमदानीत किनाऱ्याची व्यवस्था कायद्याच्या चौकटीत आली. १८६७ मध्ये खांदेरीवर आणि १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेस प्राँग्ज खडकावर दीपगृह उभे राहिले. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. १९२३ च्या आणि नंतर स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्याने फुटक्या जहाजांसाठी स्वतंत्र सरकारी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. सापडलेला माल त्याच्या स्वाधीन करावा, धन्याने एका वर्षात हक्क सांगावा, न सांगितल्यास माल सरकारजमा व्हावा, असा क्रम ठरला. येथवर सर्व विचार मालाचाच होता. फुटलेले जहाज ही मौल्यवान वस्तू असून तिच्यासाठी कोणी तरी हक्कदार पुढे येईलच, हे या कायद्यांनी गृहीत धरले होते.

साह्याची व्यवस्था मात्र या काळात किती तोकडी होती, हे 'रामदास' बोटीच्या अपघाताने दाखवून दिले. किनारी प्रवासी वाहतुकीत यापूर्वी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरीही १७ जुलै १९४७ रोजी ऐन पावसाळ्यात 'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुमारे सातशे उतारू घेऊन रेवसकडे निघाली, आणि काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात कलंडून बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई बंदर काही कोसांवर असूनही दुर्घटनेची वार्ता तेथे कित्येक तासांनी, वाचलेल्या माणसांकडून पोहोचली. तोवर जे काही माणसे वाचविण्याचे काम झाले, ते त्या पाण्यात असलेल्या रेवसकडील कोळ्यांनी आपल्या गलबतांतून केले. सहाशेहून अधिक माणसे मेली. पेरिप्लसच्या काळी साह्यास जाणारी होडी कोळ्याचीच होती, पण ती राजाच्या चाकरीत होती. १९४७ मध्येही होडी कोळ्याचीच होती, परंतु ती कोणाच्याही चाकरीत नव्हती.

६

दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ पालटला तो खनिज तेलामुळे. शिडाचे जहाज फुटले की त्याचा माल बुडे, लाकूड वाहून येई आणि समुद्र पूर्ववत होई. तेलावर चालणारे आणि तेल वाहणारे जहाज फुटले की त्याच्या पोटातील द्रव्य किनाऱ्याचे आयुष्य बिघडविते. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी खडकावर चढले आणि त्यातील सुमारे सव्वा लाख टन तेलाचा बव्हंश समुद्रात गेला. तेल फोडण्यासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ओतलेल्या रसायनांनी किनाऱ्यावरील जीवसृष्टीची तेलापेक्षाही अधिक हानी केली. १६ मार्च १९७८ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर 'अमोको कादिझ' फुटले आणि सुमारे सव्वादोन लाख टन तेल सांडले. त्या वेळी ओढनौकेच्या मोबदल्याच्या बोलणीत मोलाचा वेळ गेल्याचा आरोप फार गाजला.

या आरोपाच्या मुळाशी एक जुने तत्त्व होते. जहाज वाचविणाऱ्यास वाचलेल्या मालाच्या किमतीतून मोबदला मिळे, आणि काही न वाचल्यास काही मिळत नसे. या हिशेबात किनाऱ्याला स्थान नव्हते, कारण वाचलेल्या किनाऱ्याची किंमत देणारा धनी कोणी नसतो. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. जहाज न वाचले तरी पर्यावरणाची हानी टाळण्यासाठी झटणाऱ्यास विशेष मोबदला मिळावा, हे तत्त्व त्याने मान्य केले. २००७ मध्ये नैरोबी येथे झालेला करार आणखी पुढे गेला. समुद्रात फुटून पडलेले धोकादायक जहाज हलविण्याचा भार त्याच्या नोंदणीकृत मालकावर टाकून त्याने विम्याची सक्ती केली. भारताने हा करार २०११ मध्ये स्वीकारला आणि तो १४ एप्रिल २०१५ रोजी अमलात आला. 'फुटले तारू कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर प्रथमच 'ज्याने ते उचलून न्यावे त्याचे' असे झाले.

भारतात याच काळात साह्याची यंत्रणाही आकारास आली. १९७८ च्या कायद्याने तटरक्षक दल विधिवत स्थापन झाले, १९८६ मध्ये तेलप्रदूषणाच्या निवारणाचे काम त्याजकडे आले आणि १९९६ मध्ये तेलगळतीच्या आपत्तीसंबंधीची राष्ट्रीय योजना जारी झाली. खुल्या समुद्रात तटरक्षक दल, बंदराच्या हद्दीत बंदर, तेलविहिरींच्या परिसरात तेल कंपन्या आणि किनाऱ्याच्या साफसफाईस राज्य सरकार, अशी या योजनेत कामाची वाटणी आहे. कागदावर ती स्वच्छ दिसते. तवंग मात्र वाऱ्याबरोबर आणि भरतीओहोटीबरोबर सरकतो, त्याला हद्द ठाऊक नसते.

७

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी या सर्व व्यवस्थेची परीक्षा झाली. न्हावाशेव्याहून बाहेर पडणारे पनामाच्या निशाणाचे 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदरात येणारे 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली. खलाशी सुखरूप निघाले. 'चित्रा' कलली, तिच्यावरील बाराशेहून अधिक कंटेनरांपैकी शेकडो समुद्रात कोसळले, त्यांतील काहींत कीटकनाशके होती, आणि सुमारे ८०० टन इंधनतेल सांडले. तरंगत्या कंटेनरांमुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेल घारापुरी, उरण, अलिबागकडील किनाऱ्यांवर आणि तिवरांच्या वनांत शिरले.

निवारणाचे मार्ग येथे तीन होते. तरंगते बांध घालून तेल कोंडावे व उपसावे, हा पहिला. पावसाळी लाटांत असे बांध टिकणे कठीण असते. तेल फोडणारे रसायन फवारावे, हा दुसरा. तटरक्षक दलाने नौका व हेलिकॉप्टर यांच्या साह्याने तो अवलंबिला. खोल पाण्यात तो उपयोगी पडतो, परंतु उथळ खाडीत फुटलेल्या तेलाचे कण पाण्यात मुरून माशांची अंडी व पिले यांस बाधतात. 'टॉरी कॅनियन'चा धडा हाच आहे. तिसरा मार्ग हातांनी पुसून व खरवडून काढण्याचा. चिखलात तिवरांच्या श्वासमुळांवर बसलेले तेल यंत्राने निघत नाही, आणि माणसे तेथे तुडवीत गेली तर ते चिखलात आणखी खोल जाते. प्रदूषणनिवारणासाठीच बांधलेली देशातील पहिली नौका 'समुद्र प्रहरी' तटरक्षक दलात दाखल झाली ती ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे टक्करीनंतर दोन महिन्यांनी.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. पावसाळी बंदी संपवून होड्या पाण्यात लोटण्याचा हा काळ. अशा वेळी मासळीच्या शुद्धतेविषयी शंका उत्पन्न होऊन तिचा उठाव मंदावला. ज्यांच्या जाळ्यांत तेल नव्हते, त्यांच्या मासळीसही गिऱ्हाईक दुरावले. कायदेशीर अडचण आणखी निराळी होती. तेलवाहू जहाजाच्या मालाची गळती झाल्यास भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार भारतास लागू होता. 'चित्रा' हे मालवाहू जहाज होते आणि सांडले ते तिचे स्वतःचे इंधन. इंधनतेलासंबंधीच्या २००१ च्या कराराचा भारत तेव्हा पक्ष नव्हता.

पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, दोन महिन्यांत आणखी तीन जहाजांनी हा प्रश्न उभा केला. ११ जूनला अलंगच्या भंगारवाड्याकडे ओढून नेले जाणारे 'विस्डम' दोर तुटून जुहूच्या वाळूत रुतले. ते हलविण्यास सुमारे तीन आठवडे लागले. ३१ जुलैला 'पवित' हे लहान तेलवाहू जहाज जुहू-वर्सोवा किनाऱ्यास लागले. ओमानच्या बाजूस खलाशांनी ते सोडून दिले होते आणि ते बुडाले असे समजले गेले होते. प्रत्यक्षात एक महिनाभर ते निर्मनुष्य अरबी समुद्रात वाहत राहिले. ४ ऑगस्टला मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर 'राक' हे जहाज ६०,००० टनांहून अधिक कोळसा, २९० टन इंधनतेल आणि ५० टन डिझेल यांसह बुडाले. त्यावरील तीसही खलाशी वाचविण्यात आले.

'राक'संबंधी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी दिलेला निर्णय या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. जहाज प्रवासास योग्य नव्हते असे मानून जहाजाशी संबंधित परदेशी कंपन्यांवर १०० कोटी रुपयांची आणि कोळशाच्या धन्यावर ५ कोटी रुपयांची भरपाई बसविण्यात आली. मालाचा धनी तोच त्याच्या दुष्परिणामाचाही धनी, हे जुन्या मराठी 'धनी' शब्दात गृहीत असलेले तत्त्व येथे न्यायनिर्णयात आले. पण परदेशात नोंदलेल्या, परदेशी निशाण लावलेल्या, आणि बुडालेले एक जहाज हीच ज्यांची मुख्य मालमत्ता अशा कंपन्यांकडून पैसा वसूल होणे ही निराळी गोष्ट आहे. मराठीत 'बुडीत' हा शब्द समुद्रातून सावकाराच्या वहीत आला. माल बुडतो तसे कर्जही बुडते, आणि जो देणे देत नाही तो ते 'बुडवितो'. आधुनिक नौकापघातात या दोन्ही क्रिया एकत्र घडतात.

८

या काळातील वृत्तपत्री मराठीने रूढ केलेला एक शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. समुद्रावरील तेलाच्या थरास 'तवंग' म्हणतात. हा शब्द स्वयंपाकघरातील. रश्श्यावर दिसणारा तेलाचा तवंग समृद्धीची आणि चवीची खूण मानला जातो. समुद्रावरच्या तवंगाला मराठीपाशी दुसरा शब्द नव्हता, कारण या भाषेच्या आयुष्यात ती वस्तूच नवी होती. उलट वादळ, भरती, खडक, दांडा, नौकेचे प्रकार आणि तिच्यावरील तांडेल, सारंग, खलाशी आदी माणसे यांच्यासाठी ही भाषा संपन्न आहे. अपघाताची भाषा जुनी आणि प्रदूषणाची भाषा उसनी, हा भेद निवारणाच्या व्यवहारातही उमटतो. अपघात झाला की कोळी कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता होडी लोटतो. प्रदूषण झाले की तो आपली हानी कोणत्या कागदावर आणि कोणत्या शब्दांत मांडावी याच्या विवंचनेत पडतो.

ही केवळ शब्दाची अडचण नाही. भरपाईच्या आधुनिक कायद्यात हानी सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध करण्यासाठी अपघातापूर्वीच्या पकडीच्या व विक्रीच्या नोंदी लागतात. मोठ्या यांत्रिक नौकांकडे त्या काही प्रमाणात असतात. खाडीत डोल लावणारा, चिखलातून शिंपल्या वेचणारी, किंवा वाट्यावर होडी चालविणारा यांचा व्यवहार रोखीचा आणि तोंडी असतो. म्हणून ज्यांच्या पाण्यात तेल आले तेच भरपाईच्या वहीत सर्वांत पुसट राहतात. गणपतिदेवाच्या शासनात व्यापारी होता, १६७४ च्या कलमांत व्यापारी आणि राजा होते, १९५८ च्या कायद्यात धनी आणि सरकार होते. ज्याच्या किनाऱ्यास तारू लागते तो यांपैकी कशातही पक्षकार म्हणून नाही.

२५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यालगत ६४० कंटेनरांसह 'एमएससी एल्सा-३' बुडाले आणि प्लॅस्टिकच्या बारीक कणांचे थर तेथील वाळूवर आले. त्याच वर्षी संसदेने १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौकानयन कायदा संमत केला. म्हणजे हा विषय अद्याप इतिहासजमा झालेला नाही.

९

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पश्चिम किनाऱ्यावर नौकापघातात प्रथम साह्यास जाणारा घटक भरूचच्या 'कोट्टिंबा'पासून रेवसच्या गलबतापर्यंत बदललेला नाही. बदलला तो त्याचा राजसत्तेशी असलेला संबंध. दुसरा, फुटल्या तारवावरील मालकीचा वाद हा पूर्वी लाभाचा वाद होता आणि तेलयुगात तो भाराचा वाद झाला. या पालटाची कायदेशीर नोंद १९८९ व २००७ च्या करारांत स्पष्ट दिसते. तिसरा, या पालटात राज्याची आणि मालकाची भूमिका नव्याने आखली गेली, किनाऱ्यावरील माणसाची गेली नाही.

या तिसऱ्या गोष्टीचा उपाय अंशतः इतिहासाच्या आणि भाषेच्या अभ्यासकांच्या हाती आहे. किनाऱ्यावरील गावांत कोणती मासळी कोणत्या महिन्यात, कोणत्या दांड्यावर, किती मिळते याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या दप्तरांत त्याचा काही भाग लिखित रूपातही आहे. अपघात होण्यापूर्वीच या ज्ञानाची मराठीत, स्थानिक नावांसह, तिथीवार नोंद झाली तर ती बोलीच्या अभ्यासास उपयोगी पडेल, आणि पुढे कधी तेल आले तर पुरावा म्हणूनही उभी राहील. 'रामदास'च्या वेळी माणसे वाचविणाऱ्या कोळ्यांच्या साक्षी वेळीच टिपल्या गेल्या असत्या, तर त्या पाण्याच्या प्रवाहांविषयी आज अधिक माहिती उपलब्ध असती. समुद्रापासून दूर असलेल्या विद्यापीठानेही हे काम हाती घेण्यास हरकत नाही. पैठण व तेरचा माल ज्या समुद्रावर गेला आणि ज्या समुद्राचे चित्र अजिंठ्याच्या भिंतीवर आहे, तो समुद्र या प्रदेशाच्या इतिहासाला परका नाही.